दहा गुंठ्यांची भाजीपाला रोपवाटिका: अनुदान, प्रशिक्षण आणि वाया गेलेले दिवस

योजना आहे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना, राज्य सरकारची, २०२० साली आलेली. खाली आहे ते माझ्या वहीतलं. वही शेडमध्येच लटकवलेली असायची, त्यामुळे काही पानांवर कोकोपीटचे (रोपं वाढवायच्या नारळाच्या भुशाचे) डाग आहेत आणि काही तारखा एक-दोन दिवस पुढेमागे असतील. योजनेची माहिती कुठेही मिळते. कागद कुठे अडतो, पैसा कधी लागतो आणि रोपं का मरतात हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

योजनेचा हिशेब तेव्हा एवढाच होता: १००० चौरस मीटरचं शेडनेट, म्हणजे सावलीच्या जाळीचं शेड (मापदंड, म्हणजे सरकारने धरलेला खर्च, ३,८०,००० रुपये), वाफ्यांवर चढवायचा तेवढाच प्लास्टिक टनेल (६०,०००), एक पॉवर स्प्रेअर (७,६००) आणि ६२ क्रेट (१२,४००). बेरीज ४,६०,०००, अनुदान निम्मं, म्हणजे जास्तीत जास्त २,३०,०००. अर्जदाराच्या नावावर किमान ४० आर जमीन आणि पाण्याची सोय हवी होती. पहिला प्राधान्यक्रम कृषी पदवी घेतलेल्या महिलांना. मी बी.एस्सी. ॲग्री, लग्नानंतर सहा वर्षं पदवी कपाटात. म्हटलं आता काढू बाहेर.

१२ जानेवारी २०२१

कागदांची यादी आणली. पहिल्याच ओळीत अडले: सातबारा अर्जदाराच्या नावे. आमची जमीन ६२ आर, भावाभावांत वाटणी झालेली, उतारा यांच्या नावे. माझं नाव कुठेच नाही. कार्यालयातले साहेब म्हणाले, "ताई, मिस्टरांच्या नावाने करा की अर्ज." पण मग प्राधान्यक्रमातला पहिला नंबर गेला. अर्धा दिवस तिथेच बाकावर बसून विचार केला.

तलाठी भाऊसाहेबांनी मार्ग सांगितला: लक्ष्मी मुक्ती. १९९२ पासूनची सोय आहे. नवऱ्याने स्वतः अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. एवढी जुनी गोष्ट, आणि आमच्या आळीत एकाही बाईच्या उताऱ्यावर तसं नाव नाही.

१९ जानेवारी

यांनी सही केली. मामांना (सासऱ्यांना) विचारायची गरज कायद्याने नव्हती, पण घरात राहायचं आहे. मामा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नाव लाव, पण जमीन विकायची नाही." मी म्हटलं, मामा, विकायला नाही, रोपं लावायला पाहिजे. अर्ज दिला.

२ मार्च

फेरफाराची नोटीस १५ दिवसांची असते. आमची नोंद मंजूर व्हायला सहा आठवडे गेले. कुणाची हरकत नव्हती, नुसतीच पडून होती. मीही दर आठवड्याला जायला हवं होतं, महिनाभर गेलेच नाही. आज नवा सातबारा आणि आठ-अ हातात आले.

वाया गेलेले दिवस: ४२.

४ मार्च

अर्ज दिला. दोन गोष्टी ऐनवेळी निघाल्या. एक, पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. प्रतिज्ञापत्र करावं लागलं. दुसरी, सातबारा आता सामाईक झाला म्हणून सहधारकाचं संमतीपत्र. म्हणजे ज्या नवऱ्याने माझं नाव लावलं त्यानेच परत लिहून द्यायचं की बायकोला शेडनेट उभारायला माझी हरकत नाही. हे हसत होते, सही करत होते.

दरपत्रक एका ठेकेदाराचं जोडलं: ३,४२,०००. खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही.

२८ मार्च

आज क्रेट घेतले. ६२ नग, २१० रुपयांनी, १३,०२० रुपये. दुकानदार म्हणाला पुढच्या महिन्यात भाव वाढणार. ट्रेही घेतले, ९८ कपांचे १,५०० प्रो-ट्रे, १४ रुपयांनी, २१,०००. ट्रे तसेही योजनेत बसत नाहीत. क्रेट बसतात. त्या दिवशी मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. पुढे वाचा.

एप्रिल

लॉकडाऊन. कार्यालय बंद, फोन लागत नाही. नोंद करण्यासारखं काही नाही.

१८ मे

तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून वर गेलं. आमच्याकडे वारा आणि पाऊस झाला, फार नाही. तरी शेजारच्या वाडीतलं सात-आठ वर्षांचं जुनं शेडनेट एका बाजूने उघडं पडलं. मुद्दाम बघायला गेले. पाइप एकही वाकला नव्हता. नेट जिथे तारेला क्लिपने धरली होती तिथून ती फाटत गेली होती, टाका उसवावा तशी. वाऱ्याच्या बाजूचा ताणही सैल होता. तिथेच वहीत लिहून घेतलं: पश्चिमेला दुहेरी पट्टी, कडेच्या अँकरची ताणतार दर महिन्याला आवळायची. अर्ध्या तासाचं हे बघणं पुढे फार कामी आलं.

२१ जून

पूर्वसंमती मिळाली! पत्र आधी नुसतं वाचलं, मग पेन घेऊन परत वाचलं. तिसऱ्या मुद्द्यावर पोटात गोळा आला: पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल ग्राह्य धरलं जाणार नाही.

क्रेटचं बिल २८ मार्चचं.

दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "बिल बदलून देतो की, त्यात काय." नको म्हटलं. आज तारीख बदलली की उद्या कुणीतरी क्रेटवरचा बॅच बघतो आणि मग सगळीच फाइल संशयात जाते. क्रेटच्या अनुदानाच्या ६,२०० रुपयांवर पाणी सोडलं. घरी सांगितलं नाही, आठ दिवसांनी सांगितलं.

त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी होत्या. त्या इथे लिहून ठेवते, कारण पहिल्या वाचनात त्या डोळ्यांखालून जातात. ठेकेदाराला पैसे बँकेतूनच द्यायचे, रोख नाही. मापदंड आणि प्रत्यक्ष खर्च यात जे कमी त्याच्या निम्मंच अनुदान. आणि पैसे दोन टप्प्यांत: उभारणी झाली की पहिला, रोपं बाहेर जायला लागली की दुसरा. थोडक्यात, सगळे पैसे आधी आपले.

१२ जुलै

ठेकेदाराला फोन केला. अर्जाला जोडलेलं दरपत्रक आता चालणार नाही म्हणाला, लोखंडाचे भाव चढलेत. ते खरंच होतं, त्या वर्षी जीआय पाइप घेणाऱ्या कुणालाही विचारा. नवं दरपत्रक ३,९८,०००, अधिक १८ टक्के जीएसटी, मिळून ४,६९,६४०. जुनं जीएसटीसह ४,०३,५६० झालं असतं. फरक ६६,०८०. सरकारी मापदंड मात्र तिथेच, ३८० रुपये चौरस मीटर. चढलेला भाव पूर्ण आपल्या खिशातून.

अजून दोन ठेकेदारांना विचारलं. एकजण साठ हजारांनी स्वस्त होता. त्याचं उभारलेलं शेड बघायला गेले, खांब जमिनीत जेमतेम दीड फूट. परत आले.

पैशाची जुळवाजुळव: पतसंस्थेचं कर्ज ३ लाख, १३ टक्क्यांनी. माझ्या पाटल्या गहाण. उरलेले घरातले.

९ ते ११ ऑगस्ट: प्रशिक्षण

फाइलला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून गेले. खरं सांगायचं तर कागदासाठीच गेले होते. पदवीला हे सगळं शिकले होते, असं वाटत होतं. बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र, तीन दिवस, आम्ही २६ जण, त्यात बायका नऊ.

पहिला दिवस सांगाडा, दिशा, दुहेरी दार. यातलं बरंचसं ठाऊक होतं. एक ठाऊक नव्हतं: दोन दारांमधलं अंतर इतकं हवं की आपण आत येऊन पहिलं दार लावेपर्यंत दुसऱ्याला हात पोचू नये. हात पोचला की माणूस दोन्ही दारं एकदम उघडतो, आणि माणसाच्या पाठोपाठ पांढरी माशी आत. शिकवणाऱ्या मॅडमनी आम्हाला दारात उभं करून हे करून दाखवायला लावलं. आमच्यातल्या पाचांनी दोन्ही दारं एकदम उघडली.

दुसरा दिवस कोकोपीट. मॅडमनी एक मूठ भिजवलेलं कोकोपीट दाबलं. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले आणि थांबले. "एवढं ओलं." मग दुसऱ्या बादलीतलं दाबलं, धार लागली. "एवढं नाही." तिसऱ्या बादलीत ईसी मीटर (क्षार मोजायचं यंत्र) बुडवला, आकडा २ च्या वर. कोकोपीटची ही वीट न धुतलेली होती. नारळाची काथ्या खाऱ्या पाण्यात मुरवतात, ते मीठ विटेत राहतं. धुवा, परत मोजा, एकच्या खाली येईपर्यंत धुवा. मी वहीत लिहिलं आणि पुढचं पान उलटलं. ऑक्टोबरात याची आठवण मला चांगलीच झाली.

तिसरा दिवस हिशेब आणि नोंदवही. सगळ्यांना झोप येत होती. पण पूर्ण प्रशिक्षणात सगळ्यात कामाचं हेच निघालं. प्रत्येक पेरणीला बॅच नंबर: शेतकऱ्याचं नाव, वाण, बियाण्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर, पेरणीची तारीख, ट्रे किती, उगवण किती, उचल कधी. पाकीट फेकायचं नाही, वहीला टाचायचं. उगवण कमी आली तर दोष बियाण्याचा की रोपवाटिकेचा, हे ते रिकामं पाकीट सांगतं.

सोबतच्या एका ताईंनी मला विचारलं, "तुमचं शिक्षण झालेलं, तुम्ही कशाला आलात?" मी हसून टाळलं.

२७ ऑगस्ट

आमच्या भागातला टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो. भाव कोसळलेत, नाशिककडे लोक रस्त्यावर ओतताहेत. जुलैत ज्या अकरा जणांनी रोपांसाठी तोंडी शब्द दिला होता त्यातल्या आठ जणांनी आज-उद्यात नाही सांगितलं. रागावणार तरी कुणावर? पण पतसंस्थेचं व्याज सुरू झालंय, महिन्याला ३,२५०.

ठरवलं: यापुढे बुकिंग म्हणजे ट्रेमागे आगाऊ रक्कम. शब्दावर पेरायचं नाही. आणि एकट्या टोमॅटोवर बसायचं नाही. मिरची, ढोबळी, कोबी, वांगी सगळं घ्यायचं.

६ सप्टेंबर

सपाटीकरण. जेसीबी ७-८ तासांत काम करेल असं धरलं होतं. मुरूम लागला, १४ तास गेले. ९०० रुपये तास, १२,६००. हे कुठल्याच मापदंडात नाही.

१४ ते २९ सप्टेंबर: उभारणी

ठरलं होतं दहा दिवस, लागले सोळा. पाऊस, मग मजूर नाहीत, मग वेल्डर आजारी.

आगाऊ रकमेत माझी एक चूक झाली. पहिल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस दारात, पाइपची गाडी उभी, "वहिनी, चाळीस हजार द्या, गाडी खाली करतो." घरात होते ते दिले, रोख. रात्री पूर्वसंमतीचं पत्र आठवलं. सकाळी त्याला ते चाळीस माझ्या खात्यात परत टाकायला लावले आणि मी एनईएफटीने पाठवले. त्याला यात काय अर्थ आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याने केलं, हे त्याचं चांगलं.

खांबांचे खड्डे अडीच फूट, काँक्रीट. छताला ५० टक्के सावलीची नेट, बाजूंना ४० मेश कीटकरोधक जाळी. पश्चिमेला दुहेरी पट्टी. दोन दारांमध्ये सात फूट.

आणखी एक चूक झाली, ती मला त्यावेळी कळलीही नाही. आराखडा २० बाय ५० मीटरचा. मी टेप धरून मोजलं नाही, ठेकेदाराच्या दोरीवर विश्वास ठेवला.

४ ऑक्टोबर

पहिली पेरणी. कोबी ६० ट्रे, टोमॅटो १३० ट्रे. सासूबाई आणि मी, अजून दोघी. सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा दुपटीने जलद. एका बोटाने खळगा, एक बी, पुढे. मी सांगितलं अर्धा सेंटिमीटर खोल, त्या म्हणाल्या, "मला सेंटिमीटर नको सांगू, नखाएवढं म्हण." नखाएवढं.

ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकने झाकले.

१० ऑक्टोबर

टोमॅटो चौथ्या दिवशी उघडायला हवा होता. घरात पाहुणे होते, सहाव्या दिवशी उघडला. मधल्या ट्रेंमध्ये पांढरे, लांबलचक, दोऱ्यासारखे कोंब. उन्हात काढल्यावर आडवे झाले. ४४ ट्रे गेले. बियाणं माझंच होतं म्हणून कुणाची बोलणी खावी लागली नाहीत. प्लास्टिकवर आता खडूने पेरणीची तारीख आणि उघडायची तारीख लिहितो.

१९ ऑक्टोबर

उरलेली रोपं वाढेनात. दोन पानांवर थांबलीत, पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. कोबी जरा बरा. आधी वाटलं पाणी कमी, जास्त दिलं. मग वाटलं खत कमी, १९:१९:१९ दिलं. अजून वाईट. यात पाच दिवस गेले.

आज प्रशिक्षणाची वही काढली. कोकोपीट. मी विटा भिजवल्या होत्या, फुगवल्या होत्या, धुतल्या नव्हत्या. विक्रेत्याच्या कागदावर "लो ईसी" छापलेलं होतं, तेवढ्यावर सोडून दिलं. ईसी मीटर आणला, १,८०० रुपये. ट्रेमधलं मोजलं: २.८. वर माझं खत, म्हणजे मिठात मीठ.

तो मीटर मी ऑगस्टमध्येच घ्यायला हवा होता. तेव्हा १,८०० जास्त वाटले.

२३ ऑक्टोबर

धुण्याची पद्धत आता अशी बसवली आहे. सिमेंटच्या टाकीत तळाला शेडनेटचा तुकडा, त्यावर विटा, पाणी सोडून रात्रभर. सकाळी बूच काढून निथळायचं. पहिलं पाणी चहासारखं गडद येतं. दुसऱ्यांदा भरताना त्यात कॅल्शियम नायट्रेट, परत रात्रभर. नुसत्या पाण्याने सोडियम आणि पोटॅश पुरते सुटत नाहीत, कॅल्शियम त्यांना ढकलून जागा घेतं. निथळून तिसरं पाणी साधं. मोजलं: ०.८. आमच्या विहिरीचं पाणीच ०.६ आहे, त्यामुळे याच्या फार खाली जाणार नाही. एका टाकीला तीन दिवस लागतात, म्हणून पेरणीच्या चार दिवस आधी टाकी भरायची.

मग मूठ दाबून बघायची. दोन-चार थेंब.

२ नोव्हेंबर: मोका तपासणी

दिवाळीच्या तोंडावर आले. मंडळ कृषी अधिकारी, सोबत कृषी सहायक. मोबाइलवर जिओ टॅगचा फोटो: शेड, फलक आणि लाभार्थी एकाच चौकटीत. मी केस बांधेपर्यंत काढला. सरकारी दप्तरात मी कायमची अशीच.

मग टेप. रुंदी १९.५, लांबी ४९.८. क्षेत्र ९७१.१ चौरस मीटर. ठेकेदाराने अँकरच्या खड्ड्यांपासून २० मीटर धरले होते. मोजतात ते शेडच्या आतलं क्षेत्र. साहेबांना म्हटलं अर्धा मीटरच आहे. ते म्हणाले, "ताई, माझ्या मनात काही नाही, पण लिहिणार तेच जे टेपवर आहे." बरोबरच आहे. २८.९ चौरस मीटर गुणिले १९० रुपये, ५,४९१ रुपये अनुदान कमी. ठेकेदाराकडून तेवढे कापले, दोन फोनवर भांडून.

टनेलचं साहित्य आणि स्प्रेअर दाखवला. क्रेट दाखवले, बिलाची तारीख बघून त्यांनी मान हलवली. नोंदवही बघितली, पाकिटं टाचलेली बघून म्हणाले, "हे ठेवा, दुसऱ्या हप्त्याला हेच लागणार."

३ डिसेंबर

परवापासून पाऊस. डिसेंबरात! दोन दिवस संततधार, हाडं गोठवणारा गारठा. जुन्नर-आंबेगावकडे गारठ्याने मेंढ्या मेल्याच्या बातम्या येताहेत.

शेडनेट पाऊस अडवत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. टनेल त्यासाठीच. पण टनेल अर्ध्याच वाफ्यांवर चढवला होता, उरलेलं प्लास्टिक गुंडाळून कोपऱ्यात. डिसेंबरात कशाला लागतंय म्हणून.

६ डिसेंबर

रोपं कोलमडायला लागली. ट्रेच्या मधोमध आधी एक आडवं, संध्याकाळी त्याच्या भोवतीची आठ-दहा, सकाळी तळहाताएवढा गोल रिकामा. रोप उपटून बघितलं की जमिनीलगत देठ पाणी भरल्यासारखा, चिमटीत दाबला तर दोऱ्यासारखा. पिथियम, रोपांची मर आणणारी बुरशी. कॉलेजात याच्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे.

काय केलं: पाणी पूर्ण बंद. बाधित ट्रे बाहेर, वारा जिकडून शेडकडे येतो त्या बाजूला नाही, उलट्या बाजूला. उरलेल्यांना मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची आळवणी. ट्रे जमिनीवर होते ते विटांवर उचलले, खालून हवा खेळू दिली. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आधी कोकोपीटमध्ये मिसळला असता तर कदाचित इतकं झालं नसतं. आता बुरशीनाशक दिल्यावर लगेच तो टाकून उपयोग नाही, पुढच्या बॅचपासून.

ज्या वाफ्यांवर टनेल होता तिथे फक्त तीन ट्रे गेले. उघड्यावरचे १७२.

८ डिसेंबर

त्या १७२ मध्ये ९६ ट्रे एकाच शेतकऱ्याचे, टोमॅटो, बियाणं त्यांनी दिलेलं. वयाने मामांच्या बरोबरीचे. आले, ट्रेकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "पोरी, बी गेलं ते गेलं. दिवस गेले त्याचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बियाण्याची तीन पाकिटं, ८५० रुपयांनी २,५५०, माझ्या खर्चाने आणली, परत पेरली, पेरणीचा दर घेतला नाही. पंचवीस दिवस त्यांचे गेलेच.

त्यांनी नंतर बाजारात माझी बदनामी केली नाही. केली असती तर रोपवाटिका तिथेच संपली असती. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर विषाणू आला तेव्हापासून लोक रोप घेताना आधी दोनदा विचारतात.

१७ जानेवारी २०२२

कृषी सहायकांचा फोन: पहिला हप्ता जमा झाला, १,३०,९८५. मी पासबुक भरून आणलं. काही नाही.

२५ जानेवारी

आठ दिवस शोध. पैसे फाइलमध्ये दिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटी ज्या बँकेचं खातं जोडलेलं असतं तिथे जातात. माझं आधार जोडलेलं होतं कॉलेजच्या वेळच्या शिष्यवृत्तीच्या खात्याला, माहेरच्या गावी, चार वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. पैसे तिथे जाऊन बसले होते. माहेरी गेले, केवायसी केली, खातं सुरू झालं, पैसे काढले. आई म्हणाली, अनुदानाच्या निमित्ताने का होईना आलीस.

अर्ज करण्याआधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते एकदा बघा. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. माझे आठ दिवस आणि एसटीचे चार फेरे गेले.

१० फेब्रुवारी

१,३०,००० पतसंस्थेत भरले. व्याज महिन्याला १,८४० वर आलं.

मिरचीची मोठी बॅच, २१० ट्रे, ४० दिवसांत तयार. ट्रायकोडर्मा मिसळलेलं, धुतलेलं कोकोपीट, ट्रे पहिल्यापासून विटांवर. मर झाली तीन-चार ट्रेमध्ये, हाताने काढण्याइतकी. एका शेतकऱ्याने ढोबळीची उगवण साठ टक्केच आली म्हणून तक्रार केली. वहीला टाचलेलं पाकीट काढलं, त्याच लॉटचं बी दुसऱ्या दोघांकडेही तसंच उगवलेलं. विक्रेत्याने पाकिटं बदलून दिली.

१२ मे

दुसरा हप्ता ८७,३२४. यावेळी बरोबर खात्यात. उचल नोंदवहीच्या झेरॉक्स आणि शेतकऱ्यांच्या सह्या दिल्या होत्या, काही विचारलं नाही.

हिशेब मांडला. शेडनेट ४,६९,६४०, टनेल ६४,५००, स्प्रेअर ८,२००, क्रेट १३,०२०, ट्रे २१,०००, सपाटीकरण १२,६००, मीटर १,८००. एकूण ५,९०,७६०. अनुदान २,१८,३०९. कागदावर पन्नास टक्के, हातात सदतीस. त्यातून पतसंस्थेचं व्याज साधारण पंचवीस हजार वजा. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

अर्ज दिल्यापासून शेवटच्या रुपयापर्यंत १४ महिने. सातबाऱ्याची धावपळ धरली तर १६.

१४ मे

गावातल्या दोघींनी विचारलं, अर्ज कसा करायचा. एकीच्या नावावर जमीन नाही. तिला तलाठी कार्यालयात घेऊन गेले, तिचा नवरा सोबत होता, कुरकुरत. दुसरीचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तिथेच उभ्या उभ्या बघितलं. तिचंही माहेरच्याच खात्याला निघालं.

पावसाळी टोमॅटोची बुकिंग आगाऊ रकमेसह १४० ट्रे. टाकी आज संध्याकाळी भरायची आहे.